तिसरी पिन कापू नका

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझी नोकरी मेंटेनन्सची होती. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणी रेकॉर्ड प्लेअर लावला की आठवडाभरात मला फोन येतो. तक्रार ठरलेली. ‘‘काका, गाणं मस्त लागतंय, पण मागे सारखं घूंऽऽ चालू आहे.’’ आणि मी पोचेपर्यंत कुणीतरी जाणकाराने सल्लाही दिलेला असतो: ॲम्प्लिफायरच्या थ्री पिन टॉपची जाड, म्हणजे अर्थची, पिन काढून टाक. पुष्कळदा घूं खरंच थांबते, पण शॉकपासून वाचवणारा अर्थही तिच्याबरोबर जातो. म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकला आहे, आणि म्हणूनच मला त्याची चीड आहे.

‘‘बाबांच्या प्लेअरला असं नव्हतं,’’ हेही हमखास ऐकायला मिळतं. बरोबर आहे. एचएमव्ही फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरचा सिरॅमिक पिकअप दणकट सिग्नल द्यायचा. आजच्या चुंबकवाल्या कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. ते फोनो स्टेजला शेकडो पटींनी मोठे करावे लागतात. त्यात रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना परत उचलायचा. 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए मापानुसार 1000 हर्ट्‌झच्या तुलनेत 50 हर्ट्‌झचा सूर सुमारे सात पट जास्त वाढवला जातो. आपल्या घरातली वीज नेमकी 50 हर्ट्‌झची. सीडीला, मोबाइलला जी कुरकुर ऐकूच येत नाही, ती रेकॉर्ड प्लेअर भोंगा लावून सांगतो.

कधी कधी कारण अगदी साधं निघतं. प्लेअरमागून येणारी बारीक हिरवी किंवा काळी वायर ॲम्प्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला आवळलेलीच नसते. किंवा प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर, थेट ट्रान्सफॉर्मरच्या वर ठेवलेला असतो. दोन फूट बाजूला सरकवला की काम झालं. केबल टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्समधून उपसली आणि घूं गेली, तर केबलवाल्याची जमीन आणि तुमची जमीन वेगळी आहे, एवढंच सिद्ध होतं. रेल्वेच्या 25 हजार व्होल्टच्या तारांना दोष देणारे बदलापुरात पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी स्वतःचा स्विचबोर्ड उघडायला सांगतो.

कारण बोर्ड उघडला की खरं दुखणं दिसतं. उल्हासनगरच्या कॅम्पात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बरॅकी फाळणीनंतर निर्वासितांना मिळाल्या. एकेका बरॅकीच्या वाटण्या झाल्या, वर मजले चढले, आणि जुन्या बोर्डावरून नवी वायर ओढत ओढत वीज आत गेली. अर्थची वायर या प्रवासात कुठे गळाली ते कुणालाच ठाऊक नाही. अशा घरात ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला उघडा हात लावला तर झिणझिण्या येतात. सेट टॉप बॉक्स, टीव्ही, लॅपटॉपचा ॲडॅप्टर या सगळ्यांत फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर ते पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे शंभर-सव्वाशेच्या घरात, आणून ठेवतात. त्यातला प्रवाह नगण्य, माणूस मरत नाही. पण तोच प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि स्पीकरमधून घुमतो.

याहून वाईट म्हणजे वायरमनची युक्ती. गिऱ्हाईक अर्थ मागतं, खाली अर्थ नाही, मग सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून द्यायचा. टेस्टर समाधानी, गिऱ्हाईक समाधानी. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या दारावर आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट. मल्टिमीटर असेल त्याने गीझर चालू ठेवून त्याच्याच सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघावा. थोडाफार दिसणं साहजिक आहे. अगदी शून्य आला तर आनंद मानू नका, वायरमनला परत बोलवा. जुन्या लोकांनी नळाच्या पाइपावर अर्थ घेतला होता. आता पाइप प्लॅस्टिकचे झालेत, आणि तो अर्थ भिंतीतल्या भिंतीत संपतो.

मग महावितरणला शिव्या. (आमच्याकडे अजून ‘एमएसईबी’लाच देतात.) पण मीटरनंतरची वायरिंग घरमालकाची आणि सोसायटीची. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, आणि स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे काय हे इथल्या पोराटोरांनाही कळलं. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते दर तीन वर्षांनी करायचं असतं. इंजिनीअर खांब ठोकून बघतात, प्लॅस्टर खरवडून सळई बघतात. त्याच फेरीत एक वायरमन अर्थ टेस्टर घेऊन का फिरू नये? अर्थ पिटचा, म्हणजे जिथे अर्थ जमिनीत गाडलेला असतो त्या खड्ड्याचा, रोध मोजायचा, प्रत्येक घराच्या एका सॉकेटपर्यंत अर्थ पोचतो का ते बघायचं, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी तीस मिलिॲम्पियरची आरसीसीबी नसेल तर ती सुचवायची. रंगकामाच्या खर्चापुढे हे काहीच नाही. तरी सभेत रंगावर दोन तास जातात आणि अर्थिंग विषयपत्रिकेवर येतच नाही.

पिन कापणाऱ्या पोरांवर मी फार रागावत नाही. त्यांना गाणं ऐकायचं असतं, आणि बिल्डिंगचा अर्थ त्यांच्या हातात नसतो. सेक्रेटरीच्या हातात असतो. सेक्रेटरींना एकच विचारायचं, आपला अर्थ पिट कुठे आहे? दर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला हवं, माती कोरडी पडली की रोध वाढतो. बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीत हा प्रश्न विचारल्यावर सेक्रेटरींनी पार्किंगकडे बोट दाखवलं. तिथे कंत्राटदाराने नवेकोरे पेव्हर ब्लॉक बसवले होते, पिटच्या झाकणासकट सगळ्यावर. ‘‘आता ते कशाला उखडायचे, काका?’’ असं त्यांचं म्हणणं. चार ब्लॉक उखडायचे, झाकण मोकळं करायचं, आणि वर लाल रंगाने ‘अर्थ’ लिहायचं. पावसाळ्यानंतर नाही, या रविवारीच.