घटना कशी वाचावी?

गेल्या पावसाळ्यात संस्कृतच्या तासाला ‘सती सप्तमी’ शिकवीत असता आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘गुरौ आगते छात्राः उत्तिष्ठन्ति.’ गुरुजी आले असता विद्यार्थी उठून उभे राहतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आणि सर, गुरुजी आलेच नाहीत तर?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु जवळजवळ याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पानेच्या पाने खर्ची घातली आहेत, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते.

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांतील दुसरी अवघ्या सत्तावीस इंग्रजी शब्दांची, एकाच वाक्याची आहे. तिची घडण आमच्या फळ्यावरील वाक्यासारखीच आहे. आरंभी गौण भाग : स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक असता, नंतर प्रधान भाग : शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होता कामा नये. त्या काळी ही लोकसेना नुसती कागदावरची नव्हती. अठरा ते पंचेचाळीस या वयातील प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकाने स्वतःची बंदूक ठेवावी, असा कायदाच १७९२ साली झाला होता. (‘गोऱ्या’ हा शब्द आमचा नव्हे, त्या कायद्यातला आहे.) तशी लोकसेना आज उरलेली नाही. मग हक्क उरला की नाही? गुरुजी आलेच नाहीत तर?

वॉशिंग्टन शहराने १९७६ साली घरात पिस्तूल ठेवण्यास बंदी केली होती. तिच्याविरुद्धच्या ‘हेलर’ खटल्यात हा वाद निकरास आला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी अठराव्या शतकातील सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश उघडून शब्दांचे अर्थ लावले आणि म्हटले, गौण भाग केवळ हेतू सांगतो, हक्काला कुंपण घालीत नाही. स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क होय. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे उत्तर असे की, ‘शस्त्र धारण करणे’ हा त्या काळचा सैनिकी वाक्प्रचार होता. वाक्प्रचाराचा अर्थ सुटे शब्द कोशात पाहून लागत नाही. मराठीत ‘हत्यार उचलणे’ याचा अर्थ कोणी जमिनीवरून कोयता उचलणे असा करील काय? पाच विरुद्ध चार मतांनी स्कॅलिया जिंकले. आम्हांस स्टीव्हन्स यांचे वाचन अधिक पटते. हेतू सांगणारे शब्द घटनाकारांनी शोभेसाठी घातले असतील, असे वाटत नाही. तथापि हा हक्क अमर्याद नाही, शाळांसारख्या ठिकाणी शस्त्रबंदी राहू शकते, हे स्कॅलिया यांनीही लिहून ठेवले आहे. त्यांची नावे घेणारे पुष्कळ लोक नेमके तेवढेच वाक्य गाळतात.

आमची घरची भाषा कोंकणी. ‘म्हाका उदक जाय’ असे आम्ही म्हटले, की घाटावरचा पाहुणा पाणी कोठे जाते ते पाहू लागतो. आम्हांस तर पाणी हवे असते. शेजारच्या दोन भाषांत एका शब्दाची ही गत, तर सव्वादोनशे वर्षांच्या अंतरात काय होत असेल!

आणि हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका गोळ्यांना बळी पडल्या. मारेकरी अठरा वर्षांचा होता आणि रायफल त्याने कायदेशीर रीतीने विकत घेतली होती. शाळेत हजेरी घेणाऱ्या माणसाला ते आकडे नुसते वाचवत नाहीत. त्यानंतर महिन्याभरातच, वेगळ्या खटल्यात, न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्यावरील न्यूयॉर्कचा शतकाहून जुना निर्बंध रद्द केला. २०२४ साली मात्र घरातल्या माणसांना धाक घालणाऱ्याचे शस्त्र काढून घेता येईल, असे आठ विरुद्ध एक मताने ठरले.

आता पहिली दुरुस्ती पाहा. काँग्रेसने (म्हणजे तेथील संसदेने) भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्याचा संकोच करणारा कोणताही कायदा करू नये, असे ती सांगते. ‘कोणताही’ म्हणजे कोणताही, हा न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचा जन्मभराचा आग्रह. १९६५ साली डे मॉइन शहरातील काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आले व घरी पाठविले गेले. त्यांपैकी मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची होती. १९६९ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांची बाजू घेतली. आणि त्या दोन विरोधकांत एक होते खुद्द ब्लॅक! शाळेच्या शिस्तीचा प्रश्न येताच त्यांचा ‘कोणताही’ डळमळला. शिक्षक या नात्याने आम्हांस त्यांची धास्ती कळते, पण निकाल मुलांचाच योग्य होता.

एका कलमासाठी चष्मा लावायचा आणि पुढच्या कलमासाठी काढून ठेवायचा, यास वाचन म्हणता येत नाही. बंदुकीच्या कलमात अक्षरशः अर्थ हवा नि भाषणाच्या कलमात सोयीचा, असे म्हणणारे तेथे आहेत. उलट म्हणणारेही आहेत. या बाबतीत स्कॅलिया यांना श्रेय दिले पाहिजे. ध्वज जाळणारा मनुष्य त्यांना मुळीच आवडत नसे, तरी १९८९ साली त्याच्या बाजूचे पाचवे मत देणाऱ्यांत ते होते.

आमच्या घटनेने वेगळी वाट धरली. शस्त्र बाळगण्याचा हक्क कराचीच्या १९३१ च्या ठरावात होता; १८७८ च्या शस्त्रकायद्याचा सल त्यामागे होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. एकोणिसाव्या कलमात राहिला तो शांततेने व ‘विनाशस्त्र’ जमण्याचा हक्क. भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादा मात्र कलमातच लिहिल्या आहेत. गंमत अशी की, अमेरिकेची पहिली दुरुस्ती स्वातंत्र्य देणारी, तर आमची १९५१ ची पहिली दुरुस्ती मर्यादा वाढविणारी. पण ते निर्बंध ‘वाजवी’ असावेत हा शब्दही तिनेच घातला. आज सारे ओझे त्या एका शब्दावर आहे आणि ते तोलणारे न्यायालय आहे.

गोमंतकात असे न्यायालय नव्हते. पोर्तुगालच्या १९३३ च्या घटनेत विचारप्रकटनाचे स्वातंत्र्य दिलेले होते, आणि विशेष कायदे त्याचे नियमन करतील असेही तेथेच म्हटले होते. वृत्तपत्र छापण्याआधी सेन्सॉरकडे जाई. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावला बोलावयास उभे राहिले आणि त्यांना अटक झाली.

परवा हे एकोणिसावे कलम आम्ही वर्गात वाचून दाखविले. मागच्या बाकावरील त्याच मुलाने विचारले, “सर, काठी हे शस्त्र होय काय?” एका मुलीने शिखांच्या कृपाणाचे काय म्हणून विचारले. दुसरी म्हणाली, “आणि शिगम्यात घोडेमोडणीला तलवारी असतात त्या?” कृपाण पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात सापडले. घोडेमोडणीच्या तलवारींचे उत्तर आम्ही पुढल्या तासावर ढकलले आहे.