घंटा वाजते, पण माणसं कुठायत?

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूम पार्टनरने विचारलं, “तू ख्रिश्चन? म्हणजे गोव्याचा का?” म्हटलं, “नाही रे बाबा, नगर जिल्हा, पाथर्डी तालुका. आजी बाजरीच्या भाकरी थापते आणि रविवारी देवळात जाते.” ‘देवळात’ ऐकून तो अजूनच गोंधळला. आमच्या गावी चर्चला देऊळच म्हणतात.

तर मित्रांनो, थोडा इतिहास. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ साली सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथूनच निघालं. पुढे मिशन खेड्यांत पोचलं. ज्यांना गावच्या शाळेत जागा नव्हती, अशा महार-मांग कुटुंबांतले बरेच जण ख्रिस्ती झाले. अनेक गावांत एकच खोली आठवडाभर शाळा आणि रविवारी चर्च असायची. कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्लिश प्रेयर पाठ केल्या, पण आजीच्या देवळात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर ऐकली तेव्हा कळलं, की हा धर्म आपल्याच भाषेत बोलतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच देवळात गेलो. घंटा झाली, माणसं मोजली तर चौदा. सगळ्यांत लहान मी! पाळकसाहेबांना आणखी गावं सांभाळायची होती, म्हणून उपासना लवकर आटोपली.

लोकांची श्रद्धा आटली का? नाही. पाणी आटलं. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचे पाट आणि ऊस, आमच्याकडे जिरायत. त्यातून ज्यांना जमीनच नाही किंवा थोडीच, त्यांनी करायचं काय? कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी सुप्याच्या एमआयडीसीत, कुणी पुण्याला. माझे काका पिंपरीत दर रविवारी उपासनेला जातात. मंडळी संपली नाही, तिने पत्ता बदलला.

गंमत म्हणजे, ज्या अमेरिकेतून मिशन आलं तिथेही हेच चाललंय. मिनेसोटा, डाकोटा भागात नॉर्वे-जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी लूथरन चर्चेस बांधली. मग यंत्रं आली, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. मुलं शहरात गेली. आता तिथेही एकेक पाळक दोन-तीन चर्चेस सांभाळतो. तिथे ट्रॅक्टरने माणसं हलवली, इथे दुष्काळाने.

‘चला खेड्याकडे’ असं मी म्हणणार नाही. डिग्री घेऊन मीही गावात राहणार नाही, खोटं कशाला बोलू? पण नाताळला नवे कपडे घालून दोन दिवस मिरवायचं आणि वर्षभर विसरायचं, हेही बरोबर नाही.

देवळाच्या कपाटात बाप्तिस्म्याची, लग्नांची जुनी रजिस्टरं आहेत. त्यात माझ्या पणजोबांचं नाव आहे. गावच्या इतिहासात ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांची नावं तिथे शाईने लिहिलीत. काही पानांना वाळवी लागलीय. आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन पानापानाचा फोटो काढायचा आणि एक प्रत मंडळीकडे ठेवायची. ग्रुपवर फिरवायची नाही, ती लोकांची खासगी माहिती आहे. एवढं काम एका सुट्टीत होतं.

तुमच्या गावात चर्च नसेल, पण ओस पडत चाललेली शाळा किंवा तालीम असेलच. तिथलं कपाट एकदा उघडून बघा. मी येत्या नाताळात आमचं उघडणार आहे. आजीला सांगून ठेवलंय.