रानभाजी : नाव ठाऊक, पारख कुठे?

नेसरी म्हटले की मराठी मन प्रथम प्रतापराव गुजरांपुढे नतमस्तक होते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव आणि त्यांचे सहा सहकारी याच परिसरात बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. रणांगणावरील ते साहस वंदनीयच. परंतु घटप्रभेच्या खोऱ्यातील याच भूमीत, पावसाळ्यात ओढ्याकाठची भाजी खुडताना साहसाला स्थान नाही. तेथे हवी ती पारख.

अलीकडे रानभाज्यांना चांगले दिवस आले आहेत. राज्याच्या कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरतात, हे स्वागतार्हच आहे. मात्र शहरातला ग्राहक भाजीचे नाव आणि पाककृती तेवढी घरी नेतो. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अभक्ष्य वनस्पतीची ओळख गावातल्या वृद्ध स्त्रियांपाशीच राहते.

पाणथळ जागेतली नाळीची भाजी पाहा. तिचे देठ पोकळ, फूल नरसाळ्यासारखे. काठावर माजणारी बेशरमही त्याच कुळातली; फूल तसेच, चीकही दोघींना. परंतु नाळ चिखलावर वा पाण्यावर पसरते आणि पेरापेरांतून मुळे सोडते. बेशरमीचे उभे झुडूप वाढते. ती विषारी असून शेळ्यामेंढ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. घोळीची मांसल पाने तोडली तर चीक येत नाही. जमिनीलगत पसरणाऱ्या दुधीच्या जातींतून पांढरा चीक ओघळतो. अळूचा देठ पानाच्या खाचेत नव्हे, तर पाठीवर थोडा आत जुळलेला असतो. तरीही खरे अळूसुद्धा कच्चे खाण्याजोगे नाही. त्यातील ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घसा खवखवून सोडतात. म्हणूनच आपल्या गृहिणी ते पुरते शिजवून त्यात चिंच वा आमसूल घालतात. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू सन्मानाने येते, ते या ज्ञानासह.

चरकसंहितेने हा विवेक फार पूर्वी सांगितला आहे. गुराखी आणि वनवासी वनस्पती नावारूपाने ओळखतात, याचा ती आदराने उल्लेख करते. पण केवळ नावरूप जाणणे पुरेसे नाही, असेही बजावते. अज्ञात औषधी विषासमान, ज्ञात औषधी अमृतासमान, असा तिचा निर्वाळा आहे.

‘गुराने खाल्ले ते माणसाला चालते’, ‘कडू नाही ते विषारी नाही’ हे समज घातक आहेत. पान, देठ, फूल, चीक या सर्व खुणा जुळल्यावाचून भाजी खुडू नये. सांडपाण्याच्या नाल्याकाठची वा तणनाशक फवारलेल्या बांधावरची भाजी खरी असली तरी त्याज्यच. जेथे गुरे पाण्यावर येतात, तेथील पाला कच्चा खाल्ल्यास यकृतातील कृमींचा संसर्ग होऊ शकतो. चुकून बाधा झालीच, तर रुग्णासोबत त्या वनस्पतीची फांदीही डॉक्टरांकडे न्यावी.

जैवविविधता कायदा, २००२ अंतर्गत स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्थापलेल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. गावोगावच्या त्या नोंदवहीत भाजीशेजारीच तिच्या फसव्या जोडीदाराची नोंद व्हावी. ती गावातल्या जाणत्या स्त्रियांनी सांगावी, वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासावी आणि शाळकरी मुलांनी ओढ्यावर जाऊन पडताळावी. आजीच्या डोळ्यांतली ही पारख नातवंडांपर्यंत पोहोचली नाही, तर महोत्सवात भाजी उरेल, पण ती निर्धोकपणे ताटात येण्याची हमी उरणार नाही.