कालव्यावरचें घर : पहिली बोट घेतांना

घर म्हणजे स्थावर, अशी आपल्या मनाची पिढ्यान् पिढ्यांची धारणा आहे. जमीन, पाया, चार भिंती आणि परसांतलें तुळशीवृंदावन एवढें डोळ्यांपुढें उभें राहिल्यावांचून 'घर' हा शब्द आपल्या मनांत नीट ठसत नाहीं. अशा कुटुंबांत एके दिवशीं इंग्लंडांत राहणाऱ्या मुलाचा वा मुलीचा निरोप येतो कीं, लंडनांतील घरभाडें झेपत नाहीं, सबब कालव्यावरची एक बोट विकत घेऊन तींतच बिऱ्हाड करण्याचा विचार आहे. थोडी रक्कम मात्र कमी पडते. तो ऐकून माजघरांत आणि दिवाणखान्यांत दोन्हीकडे चिंता पसरावी, हें साहजिक आहे. आजीला नातवंड पाण्यांत पडण्याची धास्ती, तर आजोबांना पैसा पाण्यांत जाण्याची. यांपैकीं कोणतीहि धास्ती खुळी नव्हे. परंतु तिचें निवारण रागावून होत नाहीं, माहितीनें होतें. म्हणून या महिन्यांत आम्हीं हा थोडासा परका विषय सदरासाठीं घेतला आहे.

आपल्याकडे कालवा म्हटला कीं खडकवासल्याच्या धरणांतून पुण्याकडे येणारा मुठेचा कालवा आठवतो. त्याचें काम शेतीला व शहराला पाणी पुरविण्याचें. इंग्लंडांतील कालवे खोदले गेले ते मुख्यतः मालाच्या वाहतुकीसाठीं. ब्रिजवॉटरच्या ड्यूकनें वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्याकरितां जो कालवा काढला, तो १७६१ मध्यें सुरू झाला. जेम्स ब्रिंडले हा त्याचा एक इंजिनियर. पुढें याच ब्रिंडलेनें ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा आंखला व तो त्याच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्यें, पुरा झाला. जमीन जेथें चढते वा उतरते तेथें बोटीला पायरीपायरीनें वर-खालीं नेण्यासाठीं दोन्हीं टोकांस दरवाजे असलेली दगडी कोंडी बांधतात. तिला लॉक म्हणतात. ब्रिंडलेच्या वेळीं मध्य इंग्लंडांत या लॉकांची रुंदी सुमारें ७ फूट ठेवली गेली. अडीचशें वर्षांपूर्वींच्या त्या मापानें आजहि बोट घेणाऱ्याचा हात धरून ठेवला आहे, हें पुढें दिसेल.

रेल्वेनें व मागाहून मोटारींनीं हा व्यापार हळूहळू गिळला. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलासुरला धंदाहि बहुतेक बसला. पूर्वीं मालाच्या बोटीच्या मागच्या भागांत दहा फुटांच्या आंतबाहेर लांबीच्या खोपटांत नावाड्यांचीं सबंध कुटुंबें राहत. तेथील गर्दी व अनारोग्य यांविरुद्ध जॉर्ज स्मिथ या गृहस्थानें चळवळ केली, तेव्हां १८७७ मध्यें अशा बोटींची नोंदणी करण्याचा कायदा झाला. हौसेनें बोटींत राहण्याची कल्पना लोकप्रिय होण्यास एल. टी. सी. रोल्ट यांचें १९४४ मधील 'नॅरो बोट' हें पुस्तक पुष्कळसें कारण झालें. तेव्हां, बोटींत संसार करणारे आजचे तरुण अगदींच नवें कांहीं करीत आहेत असें नव्हे. मात्र पूर्वींचा नावाडी जन्मापासून जें शिकत असे, तें यांना पैसे मोजण्यापूर्वीं शिकून घ्यावयाचें आहे.

नवशिका माणूस प्रथम बोट पाहतो. रंग, पडदे, पितळी कड्या पाहून भुलतो, आणि ती उभी कोठें करावयाची याचा विचार मागाहून करतो. आमच्या मतें क्रम नेमका उलटा असला पाहिजे. इंग्लंड व वेल्समधील सुमारें २,००० मैलांच्या जलमार्गांची व्यवस्था २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या संस्थेकडे आहे. तिचा परवाना मिळण्यास तीन गोष्टी लागतात : बोट सुरक्षित असल्याचा दाखला, विमा, आणि बोट ठेवण्याची कायमची जागा. जागा नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणें ती बोट खरोखर प्रवासांत असली पाहिजे; एका ठिकाणीं सामान्यतः १४ दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. चार हात पुढें सरकून पुन्हां माघारी येणें यास प्रवास म्हणत नाहींत. शिवाय एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींस परवान्याचें ज्यादा शुल्क पडतें.

एकट्या माणसाला, ज्याचें काम घरबसल्या होतें त्याला, अशी भ्रमंती मानवेल. परंतु ज्यांची नोकरी एका ठिकाणीं आहे आणि मूल शाळेंत जातें, त्यांनीं पंधरवड्यागणिक बिऱ्हाड हलवीत वर्ष काढणें म्हणजे काय, याचा हिशोब आधींच मांडावा. कायमच्या जागा मिळतात. पण त्यांतील बऱ्याचशा केवळ सुटीच्या बोटींसाठीं असतात आणि तेथें वर्षभर राहण्यास परवानगी नसते. राहण्याची परवानगी असलेल्या जागा थोड्या, आणि लंडनच्या आसपास तर दुर्मिळ व महागहि. म्हणून जागेची लेखी हमी हातीं येईपर्यंत बोटीचा सौदा करूं नये, हा आमचा पहिला सल्ला.

दुसरा प्रश्न मापाचा. ७ फुटी लॉकांतून जाणारी जी अरुंद बोट, तिला नॅरोबोट म्हणतात; तिची बाहेरची रुंदी सुमारें ६ फूट १० इंच असते व आंत चालावयास, झोपावयास, स्वयंपाकास सहा फुटांच्या आंतबाहेर जागा उरते. म्हणजे आपल्याकडील चाळींतला व्हरांडा! याहून रुंद, दहा-बारा फुटांच्या बोटीहि मिळतात. त्यांत खोल्या ऐसपैस होतात, पण मध्य इंग्लंडांतील अरुंद लॉकांतून त्या जाऊं शकत नाहींत; दक्षिणेकडची रुंद बोट उत्तरेस न्यावयाची तर तिला यारीनें उचलून मालमोटारीवर घालावें लागतें. लांबीविषयीं अनुभवी लोक ५७ फुटांचें माप सुचवितात. अरुंद कालव्यांचीं लॉकें ७० फुटांची बोट घेतात. परंतु यॉर्कशायरकडील कांहीं लॉकें आंखूड आहेत, आणि ५७ फुटांची बोट बहुतेक सर्वत्र फिरूं शकते. दोघांच्या संसारास तेवढी लांबी पुरते. तिघांचें कुटुंब असल्यास प्रत्यक्ष आंत उभें राहून, रात्रीं कोण कोठें निजेल आणि ओले कपडे कोठें वाळतील, हें पाहूनच ठरवावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं. ती म्हणजे पाण्याखालचें लोखंड. आजच्या बोटी पोलादी पत्र्याच्या असतात. तळ १० मिलिमीटर, बाजू ६ मिलिमीटर आणि वरची खोली ४ मिलिमीटर हें नव्या बोटींचें नेहमींचें प्रमाण. जुन्या बोटींचे पत्रे याहून पातळ असूं शकतात. गंज सगळीकडे सारखा चढत नाहीं. तो खड्ड्याखड्ड्यांनीं आंत शिरतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनीं बोट पाण्याबाहेर काढून तिला डांबरी रंग द्यावा लागतो, आणि अंगाला मॅग्नेशियमचे तुकडे जोडावे लागतात, कीं जे पोलादाऐवजीं स्वतः झिजतात. विकणाऱ्यानें हें केलें कीं नाहीं, हें त्याच्या शब्दावरून ठरवूं नये. बोट पाण्याबाहेर घेऊन, आपण स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाकडून, पत्र्याची जाडी यंत्रानें जागोजाग मोजून घ्यावी. पुष्कळ विमा कंपन्या ४ मिलिमीटरहून पातळ झालेला पत्रा मान्य करीत नाहींत; मग वरून दुसरा पत्रा जोडण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. विसार देतांना 'तपासणी समाधानकारक झाल्यास' ही अट लेखी घालावी. दलाल कितीहि गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस आहे, हें विसरूं नये.

मागच्या भागाची ठेवण तीन प्रकारची असते. जुन्या वळणाच्या बोटीत खोली अगदीं मागपर्यंत येते. राहण्यास जागा अधिक मिळते, पण सुकाणूपाशीं एकच माणूस सुरक्षित उभा राहतो. दुसऱ्या प्रकारांत मागें मोकळा सज्जा असतो, तेथें चार माणसें गप्पा मारीत उभीं राहतात. मात्र पाऊसवाऱ्याला आडोसा नाहीं. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला, बाजूंनीं भिंत व वर उघडा. मूल लहान असेल तर आम्ही या तिसऱ्यास पसंती देऊं. तथापि कोणत्याहि प्रकारांत बाहेर येतांना मुलाच्या अंगावर तरंगतें जाकीट हवेंच.

आतां आंतला संसार. पाणी टाकींत भरून आणावयाचें; एक टाकी जपून वापरल्यास आठवडा-दोन आठवडे जाते. नळाखालीं तांदूळ धूत बसण्याची संवय असलेल्या घरास हा एक धडाच आहे. विजेसाठीं बॅटऱ्या. शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्याहून अधिक उतरूं दिल्या तर लौकर निकामी होतात. छपरावरच्या सौर पॅनेलवर उन्हाळ्यांत काम भागतें. डिसेंबरांत मात्र त्यांच्यापासून फारसें कांहीं मिळत नाहीं व इंजिन चालवावें लागतें, आणि रात्रीं आठ ते सकाळीं आठ तें कांठाला उभें असतां चालवूं नये असा दंडक आहे. शौचकूपाची गोष्ट टाळून चालणार नाहीं, कारण बोटींत राहणाऱ्यांच्या बोलण्यांत तिचा क्रमांक पहिला लागतो. एक प्रकार हातानें उचलून नेमलेल्या जागीं रिकामा करावयाच्या डब्याचा. दुसरा मोठ्या टाकीचा, जी ठराविक धक्क्यावर पैसे देऊन उपसून घ्यावी लागते. तिसरा मलमूत्र वेगळें ठेवणारा कोरडा प्रकार. पहिल्यांत कष्ट, दुसऱ्यांत खर्च, तिसऱ्यांत मैल्याची विल्हेवाट नीट लावण्याची जबाबदारी. कालवे गोठले म्हणजे टाकीवाल्याची बोट धक्क्यापर्यंत जात नाहीं, तेव्हां डबेवाल्याचें बरें चालतें, हेंहि लक्षांत ठेवावें.

आजीच्या धास्तीचें उत्तर येथेंच देतों. कालव्याचें पाणी बहुधा उथळ असतें, व बोटीचा वेग ताशीं चार मैलांहून अधिक नसावा असा नियम आहे. खरा धोका दुसरीकडे आहे. थंडींत शेगडी पेटवून, खिडक्या लावून निजलें असतां कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायु माणसाला झोपेंतच मारतो. १ एप्रिल २०१९ पासून बोटींत या वायूची सूचना देणारें यंत्र असणें दाखल्यासाठीं सक्तीचें झालें आहे. पण तें चालू आहे कीं नाहीं हें बटण दाबून पाहणें घरच्यांचें काम. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. तो गळला तर बोटीच्या तळाशीं साचतो, म्हणून टाकी बाहेर झिरपणाऱ्या स्वतंत्र कप्प्यांतच असली पाहिजे. आणि लॉकांत खालीं उतरतांना वरच्या दरवाजापाशीं पाण्याखालीं दगडी उंबरठा असतो. बोटीचा मागला भाग त्यावर अडकला व पाणी उतरत गेलें, तर पाहतां पाहतां बोट बुडते. तो उंबरठा कोठवर आहे हें दाखविणारी खूण कांठावर असते. बोट तिच्या पुढें ठेवावी. पंख्यांत अडकलेला कचरा काढण्याचें झांकण नीट न बसविल्यासहि पाणी आंत शिरतें. हें सर्व एक-दोन दिवसांच्या शिक्षणवर्गांत शिकवितात. 'रॉयल यॉटिंग असोसिएशन' च्या मान्यतेचे असे वर्ग तेथें ठिकठिकाणीं चालतात.

राहिली आजोबांची धास्ती. कायद्याच्या दृष्टीनें बोट ही जंगम वस्तु आहे. घराची किंमत बहुधा चढते, बोटीची बहुधा उतरते. घरासाठीं मिळतें तसें स्वस्त व दीर्घ मुदतीचें कर्ज बोटीस सहसा मिळत नाहीं. सर्व बोटींची मालकी सिद्ध करणारी सक्तीची सरकारी नोंदवही नाहीं. म्हणून मागचीं सर्व खरेदीखतें, दुरुस्तीच्या पावत्या व परवान्याचे कागद मागून पाहावे, आणि बोटीवर कर्जाचा बोजा नाहीं याची लेखी हमी घ्यावी. परवाना, विमा, जागेचें भाडें, डांबर, कोळसा, डिझेल आणि अवचित दुरुस्ती यांची वर्षाची बेरीज करून ती घरभाड्याशीं ताडून पाहावी. कैक वेळां फरक वाटतो तेवढा नसतो. काटकसर हें एकटेंच कारण असेल तर बेत सोडावा. ज्यांना पाणी, झाडें, स्वतःच्या हातचीं कामें आणि थोडक्यांत राहणें मनापासून आवडतें, त्यांनाच हें जीवन फळतें.

यावर एक सोपी कसोटी आहे. विकत घेण्यापूर्वीं बोट भाड्यानें घ्यावी. आणि ती जूनच्या लांबलचक उन्हांत नव्हे, तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारींत, निदान एक आठवडा. सकाळीं शेगडी विझलेली, कांठावर चिखल, डबा भरलेला, आणि लॉकाचीं जड दारें पावसांत ढकलावयाचीं, असे सात दिवस काढूनहि जें जोडपें हंसत परत येतें, त्यास वडीलधाऱ्यांनीं अडवूं नये.

आणि मदत करावयाची झाल्यास कशी करावी? आमचें मत असें कीं, घरच्यांनीं दिलेली पहिली रक्कम बोटीच्या किंमतींत जाऊं नये. ती तज्ज्ञाच्या तपासणीसाठीं आणि शिक्षणवर्गासाठीं द्यावी. तपासणीचा अहवाल वाईट आला तर तेवढेच पैसे गेले व मोठा तोटा टळला. चांगला आला तर उरलेली रक्कम निश्चिंत मनानें देतां येईल. मुलांनींहि तो अहवाल लपवून न ठेवतां घरीं धाडावा. अंतर सात समुद्रांचें असलें, तरी मोठी खरेदी चारचौघांनीं एकत्र बसून करण्याची आपली रीत तेवढ्यानें सोडण्याचें कारण नाहीं.