विश्लेषण : स्टार विकत घ्यायचा की पोरगा घडवायचा? यू मुंबा आणि पुणेरी पलटणच्या चाहत्यांचा वाद नेमका कशावरून?

प्रो कबड्डीचा लिलाव आला की मुंबई-पुण्याइतकीच चर्चा कोकणातही रंगते. महागडा खेळाडू सोडला की चाहते संतापतात, नवखा मुलगा उतरवला की वैतागतात. पण गेल्या काही हंगामांचे निकाल वेगळंच काही सांगतात आणि त्यातला धडा तोंडवलीच्या मैदानालाही लागू पडतो.

मालवण तालुक्यातलं तोंडवली हे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी असलेलं गाव. इथल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी मुंबईत, नाहीतर पुण्यात. त्यामुळे प्रो कबड्डी सुरू झाली की घराघरांत दोन गट पडतात. चाकरमान्यांच्या घरात यू मुंबा आणि पुण्यात शिकणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर पुणेरी पलटण. संघ वेगळे असले तरी दोन्हीकडचा प्रश्न एकच असतो. आपल्या संघाने अमक्याला सोडलंच का?

वाद नेमका काय आहे?

एका बाजूचं म्हणणं सरळ आहे. पैसे टाका, मोठा खेळाडू आणा, चषक जिंका. 'तरुणांना संधी' ही पडलेल्या संघाची पळवाट आहे, चाहत्याने किती वर्षं थांबायचं?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की विकत आणलेला खेळाडू पुढच्या लिलावात दुसऱ्याच्या जर्सीत दिसतो. स्वतः घडवलेला मुलगा राहिला तरच संघ उभा राहतो.

दोघांचंही निम्मं बरोबर आहे. वाद मिटत नाही, कारण दोघेही चुकीचा प्रश्न विचारत आहेत. स्टार घ्यायचा की नाही यापेक्षा तो कधी घ्यायचा आणि कोणाच्या जोडीला उभा करायचा, हे जास्त महत्त्वाचं आहे.

संघांकडे पैसा किती असतो?

प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. दहाव्या हंगामापासून ती ५ कोटी रुपये आहे. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापुढे जाता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतलं. म्हणजे निम्म्याहून जास्त थैली एकाच खेळाडूवर रिकामी झाली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख, म्हणजे थैलीतले ४७ टक्के खर्च केले.

दोन्ही संघांनी जवळपास सारखाच जुगार खेळला. निकाल मात्र दोन टोकांचे लागले. टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

पवन कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत आणायला दुसऱ्या कोणीतरी गुण मिळवावा लागतो. तो 'दुसरा कोणीतरी' संघात नसेल, तर सर्वांत महागडा खेळाडू सामन्याचा बराच वेळ बाकावरून सामना पाहतो.

मग पलटणकडे वेगळं काय होतं?

पलटणचा पाया लिलावाच्या आधीच भरलेला होता. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत यांनी २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पदार्पण केलं आणि पलटणने त्यांना खेळवत ठेवलं. नाशिक जिल्ह्याचा आकाश शिंदेही याच फळीतला. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. दहाव्या हंगामात अस्लम पलटणचा कर्णधार होता आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

या काळात संघातला मोठा परदेशी खेळाडू मात्र बदलत राहिला. नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना फझल अत्राचली आला आणि संघ उपविजेता ठरला. फझल गेला, शादलुई आला आणि संघ विजेता झाला. मग शादलुईलाही सोडलं. घराचे खांब तेच राहिले, कौलं तेवढी बदलली.

शादलुईला सोडणं ही चूक नव्हती का?

चाहत्यांचा सर्वांत मोठा संताप इथेच होता आणि तो निराधार नव्हता. ९९ पकडगुण मिळवून संघाला विजेता करणारा बचावपटू कोण सोडतं? अकराव्या हंगामासाठी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून चषक उचलला. त्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेत्या पलटणला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणणाऱ्यांसाठी याहून मोठा पुरावा नसेल.

पण गोष्ट इथे थांबत नाही. हरियाणा हा तयार संघ होता. जयदीप दहिया, विनय आणि महाराष्ट्राचाच शिवम पटारे अशी तरुण फळी घेऊन प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांचा हा संघ शादलुई नसताना आदल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला होता. शादलुई तिथे शेवटची वीट म्हणून आला.

बाराव्या हंगामात तोच शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला आणि गुजरातला पहिल्या आठांतही स्थान मिळालं नाही. पलटण मात्र नवे प्रशिक्षक अजय ठाकूर आणि कर्णधार अस्लमसह साखळीत अव्वल राहिली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, २८-३१ अशी हरली.

एकच खेळाडू तीन हंगामांत तीन संघांकडून खेळला. दोन तयार संघांना त्याने चषक मिळवून दिला, तिसऱ्याला तो वाचवू शकला नाही. स्टार हा संघाचा कळस असतो. पाया नसताना कळस चढवला की तो कोसळतो आणि दोष कळसाला दिला जातो.

यू मुंबाचं दुखणं वेगळं कसं?

यू मुंबाच्या चाहत्यांना पायाचं महत्त्व सांगायची गरज नाही. २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली विजेतेपद आणि पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरी, असा त्यांचा सुवर्णकाळ होता. त्यानंतर अंतिम फेरी एकदाही नाही.

या संघाला खेळाडू ओळखता येत नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. २०१८ मध्ये त्यांनी सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. हा मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या वरच्या अंगाचा शेजारी. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले.

अर्जुन देशवालचंही तेच. त्याची सुरुवात यू मुंबाकडून झाली. आठव्या हंगामासाठी जयपूर पिंक पँथर्सने त्याला ९६ लाखांना नेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्याच चढायांवर जयपूर विजेता झाला. त्या हंगामात अर्जुनचे चढाईचे गुण होते २९६. त्याच काळात, आठव्या ते दहाव्या हंगामात, यू मुंबा एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही.

अकराव्या हंगामात अजित चौहानसारखा तरुण चढाईपटू आणि अनुभवी कर्णधार सुनील कुमार यांच्या जोरावर संघ पुन्हा पहिल्या सहांत आला. बाराव्यात पहिल्या आठांत येऊन थांबला. म्हणजे बांधकाम सुरू आहे. चाहत्यांनी आता विचारायला हवं ते हे की, घडवलेला मुलगा या वेळी टिकणार का?

घडवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम प्रशिक्षकाचं, दुसरं हिशेब ठेवणाऱ्याचं. लीगच्या नियमांत काही खेळाडू कायम ठेवण्याची मुभा असते. शिवाय लिलावात दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली जुळवून आपला खेळाडू परत घेण्याची सोयही असते. पण हाती पैसे शिल्लक असतील तरच हे जमतं. एका स्टारवर निम्मी थैली ओतली की पहिला हात सुटतो तो घरच्या पोराचा.

'संधी' मोजायची कशी?

'तरुणांना संधी देतोय' हे प्रत्येक संघ म्हणतो. ते खरं आहे की नाही, हे मोबाईलवर सामना पाहणाऱ्यालाही तपासता येतं. त्यासाठी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, चढायांची संख्या. बारा जणांच्या यादीत नाव असणं ही संधी नव्हे. चढाई ३० सेकंदांची असते आणि चढाईपटू तयार होतो तो तशा शेकडो चढायांतून, सराव सामन्यांतून नव्हे.

दुसरी, कोणती चढाई मिळते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मुख्य खेळाडूला जपण्यासाठी या 'करो या मरो' चढाईला नवख्याला पाठवायचं आणि तो बाद झाला की त्यालाच बसवायचं, याला घडवणं म्हणत नाहीत. ही ढाल झाली.

तिसरी, चुकीनंतर काय होतं. कोपऱ्यात उभ्या तरुण बचावपटूने घाई करून झेप घेतली आणि गुण गेला, तर पुढच्या सामन्यात तो सुरुवातीच्या सात जणांत असतो का? असेल तर प्रशिक्षक खरोखर संघ बांधतोय.

या तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर चाहत्यांनी जरूर ओरडावं. संयम ठेवायचा तो खऱ्या बांधकामासाठी, नुसत्या फलकासाठी नव्हे.

याचा तोंडवलीशी काय संबंध?

इथे हा वाद जरा अडचणीचा होतो.

मालवण किनाऱ्यावरचा गावसंघ दरवर्षी नव्यानेच बांधावा लागतो. त्याला लिलावाची गरज नसते. बारावी झाली की मुलगा मुंबईला, नाहीतर गोव्याला नोकरीला जातो. पूर्वी लालबाग-परळच्या मंडळांनी अशा कोकणी पोरांना खेळतं ठेवलं आणि रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका यांच्या संघांनी त्यांना नोकऱ्या दिल्या. आता त्या वाटा अरुंद झाल्या आहेत. जो जातो तो बहुतेक वेळा खेळातूनही जातो.

अशा वेळी गावाने काय करावं? बऱ्याच ठिकाणी होतं ते असं. प्रकाशझोतातल्या स्पर्धेची तारीख ठरते, बक्षिसाचा आकडा फलकावर लागतो आणि एका रात्रीसाठी बाहेरचे दोन-तीन चढाईपटू उसने आणले जातात. गावातली सोळा-सतरा वर्षांची पोरं पाणी देतात, मैदान आखतात आणि बाहेर बसून टाळ्या वाजवतात. चषक आला तर मंडळाच्या कपाटात राहतो, खेळाडू पहाटेच्या गाडीने निघून जातात.

यू मुंबाने घरचा पोरगा सोडला म्हणून चिडणारे आपणच गावच्या स्पर्धेत घरच्या पोराला बाकावर बसवतो. फरक इतकाच की सिद्धार्थ देसाईला सोडलं तेव्हा त्याला दुसरा संघ मिळाला. गावातल्या मुलाला तो मिळत नाही.

आणि या मुलाकडे वेळ कमी असतो. किशोर गटासाठी वय सोळाच्या आत आणि मुलांचं वजन ५५ किलोपर्यंत, कुमार गटासाठी वय वीसच्या आत आणि वजन ७० किलोपर्यंत. तालुका, जिल्हा, राज्य अशी निवडीची शिडी याच चार-पाच वर्षांत चढावी लागते. प्रो कबड्डीचे संघ नवे चेहरे शोधतात तेही याच वयाच्या आसपास. त्यातली दोन वर्षं पाणी देण्यात गेली तर ती परत येत नाहीत.

मातीवर शिकलेल्या मुलाला मॅटची सवय हाही मोठा अडथळा आहे. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा रुततो, वळताना गुडघ्यावर येणारा ताण वेगळा असतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्यांदाच मॅट पाहणारा मुलगा खेळात नव्हे, पायांत कमी पडतो. गावोगाव मॅट येणं अवघड आहे. पण मालवण तालुक्यात एका ठिकाणी मॅट आणि तिथे आठवड्यातून दोन दिवस सराव, एवढं मागणं जास्त नाही. राज्याच्या नावावर संघ चालवणाऱ्या दोन्ही फ्रँचायझींनी कोकणात वर्षातून एकदा खुली निवड चाचणी घेतली, तर तेही त्यांच्याच फायद्याचं ठरेल.

चाहत्यांनी काय करावं?

वाद घालावा, जोरात घालावा. चाहते बोलत नाहीत तो संघ कोणाच्याच मनात नसतो. फक्त प्रश्न बदलावा. 'कोणाला घेतलं?' याच्या आधी 'कोणाला ठेवलं आणि तो किती खेळला?' हे विचारावं.

आणि तोच प्रश्न गावच्या मंडळालाही विचारावा. पुढच्या स्पर्धेत सुरुवातीच्या सात जणांत गावातले किमान तीन मुलगे वीस वर्षांखालचे असतील, असा नियम मंडळ स्वतःसाठी करू शकतं. त्याला लिलाव लागत नाही, थैली लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षी संघ बहुधा लवकर हरेल. पण हरून घरी परतणारी ती पोरं पुढच्या वर्षी एक वर्षाने मोठी झालेली असतील आणि तोवर काही चढाया त्यांच्या खात्यावर जमा झालेल्या असतील.