उत्प्रेरक नुसता ‘हजर’ नसतो!



“बाई, अवकाशात हवा नाही, मग यानाचं इंजिन पेटतं कसं?” ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे शिकवल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारलं. मोठी रॉकेटं ऑक्सिजन देणारा पदार्थ सोबत नेतात, हे मी सांगितलं. पण यानाची दिशा वळवणारी छोटी इंजिनं, म्हणजे थ्रस्टर, त्यांतली बरीचशी पेटतच नाहीत!

त्यांच्या टाकीत हायड्रॅझिन हा द्रव असतो. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू. झडप उघडली की तो ॲल्युमिनाच्या सच्छिद्र दाण्यांवर पडतो. दाण्यांवर इरिडियम धातूचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांना लागताच हायड्रॅझिन तुटतं. अमोनिया, नायट्रोजन आणि हायड्रोजन हे तापलेले वायू तोटीतून सुटतात आणि यान उलट दिशेला ढकललं जातं. ना ऑक्सिजन, ना ठिणगी.

१९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ वर असेच थ्रस्टर आहेत. एकाचा जोर किती? तळहातावर ९० ग्रॅम वजन ठेवल्यावर जाणवेल तेवढा. त्यातला एक संच १९८० नंतर बंद होता. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ३७ वर्षांनी, तो सुरू केला आणि चालला! यशाचा संदेश पृथ्वीवर पोहोचायला साडेएकोणीस तासांहून जास्त वेळ लागला.

आता माझा मुद्दा. उत्प्रेरक म्हणजे काय, तर “अभिक्रियेत भाग न घेता, नुसत्या हजेरीने वेग वाढवतो” असं आपण सांगतो. मुलं पाठ करतात, गुण मिळतात. पण हे बरोबर नाही. नुसती हजेरी लावून काम होत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक! हायड्रॅझिनचे रेणू इरिडियमच्या पृष्ठभागावर बसतात, तिथे त्यांचे बंध तुटतात, तयार झालेले वायू उठून जातात आणि जागा मोकळी होते. एक पंगत उठली की दुसरी बसते. उत्प्रेरक भाग घेतो, फक्त खर्च होत नाही.

“तो कायम जसाच्या तसा राहतो” हेही अर्धसत्य. थंड दाण्यांवर द्रव पडला तर ते तडकतात, झिजतात. म्हणून हीटरने ते आधी गरम करतात.

हायड्रॅझिन अत्यंत विषारी आहे, त्याची फक्त गोष्ट सांगायची. पण औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वाटीत घेऊन त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका (हे मोठ्यांनीच करायचं). फेस येतो. इथेही एकच द्रव तुटतोय. पाणी आणि ऑक्सिजन तयार होतोय, आणि उत्प्रेरक आहे बटाट्यातलं विकर. अमेरिकेच्या मर्क्युरी यानाचे थ्रस्टर खूप तीव्र पेरॉक्साइडवरच चालायचे.

फेस थांबल्यावर तीच फोड नव्या पेरॉक्साइडमध्ये टाका आणि विचारा, “आता काय होईल?” मुलांना अंदाज करू द्या. व्याख्या त्यानंतर लिहू, आणि त्यातून “भाग न घेता” हे शब्द काढून टाकू.