वेचणारीचा भाव कोण फोडणार?

बंदरावर कंटेनर उघडला की अमेरिकन कापसाची गाठ दिसते. तिची २१८ किलोची, आपली १७०ची. तिकडची मशीननं वेचलेली, इकडची चोपड्याच्या रानात माझ्या आईनं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला, पुढं सूट ३१ डिसेंबरपर्यंत ताणली. जळगाव-धुळ्यात बोंब झाली. रास्तच आहे. २०२५-२६ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता, आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन पाडून मागतो. शेतकरी पुढारी म्हणतात भाव द्या, गिरणीवाले म्हणतात स्वस्त कापूस द्या. या भांडणात कमरेला ओटी बांधून बोंडं वेचणारी बाई कुठाय? बौद्धवाड्यातली, भिलाटीतली? हमीभाव दिल्लीत जाहीर होतो. किमान वेतनाचा कायदा आहे म्हणतात, पण वेचणीचा दर ठरतो बांधावर, किलोवर, मालकाच्या तोंडावर.

शहाणे तक्ते दाखवतात. हेक्टरी रुई भारतात साडेचारशे किलोच्या आसपास, ब्राझीलात अठराशेवर, चीनमध्ये दोन हजारांवर. २०२३-२४ला ब्राझीलनं निर्यातीत अमेरिकेलाही मागं टाकलं. मग म्हणे आपला शेतकरी मागास! अरे, आपलं बरंचसं रान कोरडवाहू. २००२ला बीटी आलं, त्यालाही न जुमानता २०१७ला गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली. त्या तक्त्यात वेचणारीचा रकाना नाही.

हे जुनंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला बंदी होती, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मजुरांच्या एकीची भाषा करणाऱ्यांना तो आपणहून सुचला नव्हता. आजच्या शेतकरी पुढाऱ्यांचंही तेच.

आता सघन लागवड करा, मग वेचणीचं मशीन आणा, असा सूर आहे. मशीनला माझा विरोध नाही. बोंडाच्या काट्यानं बोटं फाटतात, त्यात कसलं भूषण? पण कंटेनर आला तेव्हा गोदीतल्या टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या, हे जुन्या माणसांकडून रोज ऐकतो. त्यांची निदान युनियन होती. वेचणारीची कोणती?

कापूस हा शेतवाल्यांचा प्रश्न, आपला नाही, असं म्हणणारे दोस्त आपल्यातही आहेत. साले गावी जातात ते फक्त जयंतीला! माझं म्हणणं एवढंच : हमीभाव जाहीर होईल त्याच दिवशी वेचणीचा दरही जाहीर झाला पाहिजे, भाव वाढला तर दरही वाढला पाहिजे. पहिल्या वेचणीआधी जळगाव-धुळ्याच्या छावण्यांनी गावोगावचे दर लिहून काढावेत. आमच्या गावापासून सुरू करा, मी खाडा करून येतो.